माफीची वदंता व खातेदाराचा हिशेब

पिके खळ्यावर येऊन पडली आणि सोसायटीच्या सचिवाची वसुलीची फेरी सुरू झाली, की दरसाल आमच्या भागात एक वदंता उठते. कोणी ती बाजारातून ऐकून येतो, कोणी वर्तमानपत्राचा तुकडा खिशात घालून आणतो, आणि हल्ली तर कोणी फोनवर आलेला मजकूर पारावर चारचौघांत वाचून दाखवितो. मजकूर बहुधा एकच असतो : यंदा सरकार सारा सोडणार, कर्ज माफ करणार, सातबारा कोरा होणार, तेव्हा इतक्यात कोणी पैसे भरू नयेत. ही वदंता सर्वस्वी खोटी असती तर तिचा बंदोबस्त सोपा होता. परंतु कर्जमाफी खरोखरच झाल्याचे आपण सर्वांनी एकदा सोडून अनेकदा पाहिले आहे. तीत सत्याचा अंश असतो, म्हणूनच ती शेतकऱ्यास महाग पडते.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो. चावडीवर व तहसील कचेरीत बसून माफीच्या बातम्या उठताना पाहिल्या, त्यांतील काहींचे हुकूम हाताळले, आणि ते हुकूम ऐकून आनंदाने आलेले व यादी वाचून मुकाट्याने परत गेलेले खातेदारही पाहिले. त्या अनुभवावरून आमची अशी खात्री झाली आहे की, माफीच्या बातमीत 'माफी' हा शब्द सर्वांत कमी महत्त्वाचा असतो. सर्वांत महत्त्वाची असते ती तारीख. हे कसे, ते समजावून सांगावे एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

वदंता आजची नव्हे

शेतकऱ्याचे कर्ज आणि सरकारी माफीची वदंता ह्यांची सोबत फार जुनी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या रयतेने सावकारांची घरे व दुकाने फोडून कर्जखते व वह्या बाहेर काढल्या. तेथून दंगा पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरला. पुढे त्याची चौकशी करण्यास जो आयोग नेमला गेला, त्याच्या अहवालात एक लक्षांत ठेवण्याजोगी नोंद आहे. सावकारांकडून कर्जखते काढून घ्यावीत असा हुकूम विलायतेहून सुटला आहे, व तसे केल्यास सरकारी अंमलदार कानाडोळा करतील, अशी वदंता त्या वेळी खेडोपाडी पसरली होती आणि लोकांचा तिजवर विश्वास बसला होता. असा हुकूम कोणीही काढलेला नव्हता. सुमारे ९५० माणसे धरली गेली व त्यांपैकी ५०० हून अधिकांस शिक्षा झाल्या.

रयतेचे गाऱ्हाणे खोटे नव्हते, हे पुढे सरकारनेच मान्य केले. १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या हितरक्षणाचा कायदा झाला व तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांस लागू करण्यात आला. ह्या कायद्याने कर्ज माफ केले नाही. खतावरील आकडा प्रमाण न मानता न्यायाधीशाने व्यवहाराच्या मुळाशी जावे, मूळ मुद्दल किती व व्याज किती हे तपासावे, हप्ते बांधून द्यावेत, आणि कर्जापायी शेतकऱ्यास कैदेत टाकू नये, असे त्याचे स्वरूप होते. मुंबई इलाख्यात १९३९ व १९४७ साली जे शेतकरी कर्जनिवारणाचे कायदे झाले, त्यांतही अर्ज करणे, हिशेब तपासणे व ऐपतीप्रमाणे हप्ते बांधणे हाच क्रम होता. तात्पर्य, वदंता सरसकट सुटकेची असते व हुकूम नेहमी अटींचा असतो. दीडशे वर्षांत ह्यात फरक पडलेला नाही.

एका शब्दात भरलेले सहा अर्थ

लोक ज्यास सरसकट माफी म्हणतात, त्यात कचेरीच्या भाषेतील निदान सहा निरनिराळ्या गोष्टी येतात. त्या वेगळ्या ओळखता आल्या म्हणजे निम्मा घोटाळा दूर होतो.

पहिली तहकुबी किंवा स्थगिती. हिचा अर्थ येणे सुटले असा नसून वसुली पुढे ढकलली असा आहे. १९१८ सालचा खेडा सत्याग्रह पुष्कळांस साऱ्याच्या माफीचा लढा वाटतो. वास्तविक तो तहकुबीचा लढा होता. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असल्यास त्या वर्षीचा सारा पूर्ण तहकूब व्हावा असा नियम होता. आणि पीक चार आण्यांच्या आत आले की वर गेले, म्हणजे आणेवारी किती, ह्यावर रयत व सरकार ह्यांचा वाद होता.

दुसरी सूट. हिने त्या वर्षापुरते येणे खरोखरच सुटते. पिकाची आणेवारी आता पैसेवारी झाली आहे, आणि दुष्काळ ठरविताना पाऊस, पीकपाणी, ओलावा, भूजल इत्यादी इतर कसोट्याही लावल्या जातात. दुष्काळ जाहीर झाला म्हणजे ज्या सवलती मिळतात त्यांची यादी नीट वाचून पाहावी. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्रातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा त्या यादीत जमीन महसुलात 'सूट' होती, सहकारी कर्जाचे 'पुनर्गठन' होते, आणि शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस 'स्थगिती' होती. एकाच यादीतील हे तीन शब्द सरकारने निष्काळजीपणाने निरनिराळे वापरलेले नाहीत. सारा सुटला, कर्ज सुटले नाही. आता सातबारावरील सारा तो किती, आणि कर्ज ते किती, हे वाचकांस सांगावयास नको.

तिसरी पुनर्गठन. चालू पीककर्ज हप्त्यांत बांधून त्याची मुदत वाढविणे असा हिचा अर्थ. ह्याने शेतकऱ्यास दम घेता येतो व नवे कर्ज मिळण्याची वाट मोकळी राहते. परंतु मुद्दल जागेवरच असते व त्यावर व्याज चालते.

चौथी तडजोड, म्हणजे खातेदाराने ठराविक रक्कम ठराविक मुदतीत एकदम भरली तर उरलेली सोडणे. येथे आधी आपला हात खिशात जावा लागतो. मुदत चुकली की तडजोड संपली.

पाचवी निर्लेखन. बुडीत धरलेले येणे बँक आपल्या ताळेबंदातून काढून टाकते, ते निर्लेखन होय. मोठमोठ्या कारखानदारांचे अमुक हजार कोटी बँकांनी सोडले, मग आमचे का नाही, असा प्रश्न पारावर नेहमी ऐकू येतो. ह्या प्रश्नामागील संताप आम्हांस समजतो. परंतु निर्लेखनाने ऋणको मोकळा होत नाही. बँकेचा वसुलीचा हक्क कायम राहतो. ती वसुली मोठ्या ऋणकोकडून किती होते व लहानाकडून किती कसोशीने होते, हा प्रश्न सभेत जरूर विचारावा; पण बँकेच्या वहीतून आकडा गेला म्हणजे आपले कर्ज फिटले, असे कोणीही समजू नये.

सहावी खरी माफी. सरकार आपल्या तिजोरीतून बँकेस किंवा सोसायटीस पैसे देते व खातेदाराच्या नावावरील येणे तेवढ्याने कमी होते. पैसे कोणीतरी भरतोच. फक्त तो खातेदार नसून सरकार असते. म्हणूनच सरकार माणसे, रकमा व तारखा मोजून घेते.

चार योजना व त्यांच्या तारखा

आता खऱ्या माफीच्या योजना पाहू. १९९० साली केंद्र सरकारने कृषी व ग्रामीण कर्जमुक्ती योजना आणली. तीत माफीची मर्यादा १०,००० रुपये होती. त्यानंतर मोठी केंद्रीय माफी येण्यास १८ वर्षे लागली.

दुसरी योजना २००८ सालची. ती २९ फेब्रुवारी २००८ रोजी अंदाजपत्रकात जाहीर झाली. कर्ज ३१ मार्च २००७ पर्यंत दिलेले, ३१ डिसेंबर २००७ रोजी थकलेले, आणि २९ फेब्रुवारी २००८ पर्यंत न भरलेले असावे, अशा तिच्या अटी होत्या. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांस पूर्ण माफी होती. त्याहून अधिक जमीन असलेल्यांस तडजोड होती : ७५ टक्के भरा, २५ टक्के सोडतो. दुष्काळी म्हणून नेमलेल्या जिल्ह्यांत ही सवलत २५ टक्के किंवा २०,००० रुपये, ह्यांपैकी जी अधिक ती, अशी होती.

तिसरी २०१७ सालची. त्या वर्षी जूनच्या पहिल्या तारखेस नगर जिल्ह्यातील पुणतांबे गावापासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला व त्याच महिन्यात छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. थकबाकी मोजण्याची तारीख धरली ती ३० जून २०१६, म्हणजे वर्षभर मागची. माफीची मर्यादा दीड लाख रुपये होती. त्यापेक्षा अधिक येणे असलेल्याने वरची रक्कम आधी भरावी, मग सरकार दीड लाख देईल, असा नियम होता. ३४,०२२ कोटी रुपये व ८९ लाख शेतकरी असे आकडे जाहीर झाले होते. अटींच्या चाळणीतून प्रत्यक्षात लाभ झाला तो त्याहून पुष्कळच कमी लोकांस.

चौथी महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. ही २१ डिसेंबर २०१९ रोजी विधानसभेत जाहीर झाली. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ ह्या काळात घेतलेले पीककर्ज, ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकलेले, मुद्दल व व्याज मिळून दोन लाखांपर्यंत, असे तिचे माप होते. दोन लाखांवर एक रुपया गेला तरी ते खाते योजनेबाहेर.

शेवटच्या तीन योजनांच्या तारखा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. २००८ साली थकबाकीची तारीख घोषणेच्या दोन महिने आधीची, २०१७ साली एक वर्ष आधीची, २०१९ साली पावणेतीन महिने आधीची. माप नेहमी मागच्या तारखेने घेतले जाते. ह्याचे कारण उघड आहे : पुढची तारीख दिली तर ज्याची ऐपत आहे तोही भरणे थांबवील. ह्यावरून जो नियम निघतो तो प्रत्येक खातेदाराने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्याजोगा आहे. माफी जाहीर झाल्याचे ऐकून जो भरणे थांबवितो, तो त्या माफीत बसत नाही. त्याची तारीख आधीच टळून गेलेली असते.

ह्यावर आमचे काही मित्र म्हणतील, की जाहीर झाल्यावर थांबून उपयोग नाही हे खरे, म्हणूनच आम्ही आधीपासून थांबतो. हा आक्षेप टाकाऊ नाही. २००८ सालच्या जानेवारीत ज्याने दागिने मोडून थकलेले कर्ज भरले, तो दोन महिन्यांनी हात चोळीत बसला, आणि ज्याने भरले नाही त्याचे सुटले. प्रामाणिकपणे भरणाऱ्याच्या मनाला ही गोष्ट लागते, व लागणे रास्त आहे. ह्या अन्यायाची दखल पुढील योजनांत थोडीफार घेतली गेली. २०१७ साली नियमित भरणाऱ्यास भरलेल्या रकमेच्या २५ टक्के, परंतु २५,००० रुपयांपर्यंत, आणि २०१९ च्या योजनेखाली ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन ठरले. हे दुसरे प्रोत्साहन मात्र हाती पडावयास २०२२ साल उजाडले. तेव्हा आधीपासून थांबणे फायद्याचे की तोट्याचे, हे नीतीच्या गोष्टी बाजूस ठेवून केवळ हिशेबाने पाहू.

थांबण्याचा हिशेब

समजा, दोघे भाऊ वाटण्या होऊन वेगळे झाले व दोघांवरही एक एक लाखाचे पीककर्ज आहे. थोरला मुदतीत भरतो व पुन्हा उचलतो. २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर, मुदतीत परतफेड केल्यास, केंद्राची सवलत व राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येते. म्हणजे थोरल्यास व्याज नाही.

धाकटा माफीची वाट पाहत तीन वर्षे थांबतो. त्याच्या दोन्ही सवलती गेल्या. सोपेपणासाठी व्याज दहा टक्के सरळ धरू. तीन वर्षांचे ३०,००० रुपये झाले. थकबाकीदारास नवे पीककर्ज मिळत नाही. तेव्हा बी-खतासाठी तो दरसाल ६०,००० रुपये आडत्याकडून शेकडा दोन रुपये महिना ह्या दराने आठ महिन्यांसाठी घेतो असे समजू. त्याचे व्याज वर्षाला ९,६०० व तीन वर्षांत २८,८०० रुपये. दोन्ही मिळून ५८,८००. शिवाय आडत्याचे पैसे घेतले म्हणजे माल त्याच्याच दारात, त्याच्याच भावाने घालावा लागतो. तो तोटा आम्ही धरलेलाच नाही.

आता माफी आली व धाकटा तीत बसला, तर त्याचे १,३०,००० रुपये सुटले. त्यातून आडत्याचे व्याज वजा जाता १,०१,२०० रुपयांचा फायदा. त्याच वेळी थोरल्यास प्रोत्साहनाचे फार तर ५०,०००. माफी आली नाही, किंवा आली व धाकटा अटींत बसला नाही, तर धाकटा ५८,८०० रुपयांनी खाली आणि मूळ लाख तसेच. हा व्यवहार नसून सोडत आहे. सोडतीचे तिकीट मनुष्य हौसेने घेतो, परंतु ५८,८०० रुपयांचे तिकीट, तेही जमिनीवर बोजा ठेवून, कोणी शहाणा घेईल काय? आणि सोडत केव्हा निघणार हे तरी कोठे ठाऊक असते? १९९० नंतर १८ वर्षे, २००८ नंतर ९ वर्षे, २०१७ नंतर केवळ अडीच वर्षे, असे हे अंतर आहे. त्यात काहीच नियम नाही. १९९१ साली जो वाट पाहू लागला असेल, त्याच्या खात्याची २००८ पर्यंत काय अवस्था झाली असेल, ह्याचा विचार करावा.

थांबण्यात आणखी एक खोच आहे, आणि ती आम्ही एका शेजाऱ्याच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिली आहे. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. २०१५ च्या खरिपात त्याने पीककर्ज घेतले. पुढील वर्षी ते थकले व ३० जून २०१६ रोजी येणे १,७८,००० रुपये होते. २०१७ ची योजना आली तेव्हा वरचे २८,००० रुपये भरले असते तर दीड लाख सरकारने भरले असते. पण सरसकट माफी होणार, अट निघणार, अशी वदंता जोरात होती. त्याने आम्हांस रस्त्यात विचारले, "भाऊसाहेब, भरू का थांबू?" आम्ही घाईत होतो. "अजून कचेरीत पुरता खुलासा आलेला नाही," एवढेच म्हणालो. ते खरेच होते. परंतु तुझे येणे किती, एवढा एक प्रश्न आम्ही विचारला असता तर त्याचा मार्ग त्या वेळीच स्पष्ट झाला असता. तो थांबला. तडजोडीची मुदत गेली. ३० सप्टेंबर २०१९ पर्यंत व्याज चढून येणे दोन लाखांच्या वर गेले आणि नव्या योजनेतूनही तो बाहेर पडला. पहिल्या वेळी २८,००० न भरल्यामुळे, व दुसऱ्या वेळी थांबण्यात चढलेल्या व्याजामुळे, असा तो दोन्ही माफ्यांच्या मधल्या फटीत सापडला. थांबणे हेच त्यास योजनेबाहेर घेऊन गेले.

एकाची थकबाकी, गावाचे नुकसान

आपली विविध कार्यकारी सोसायटी स्वतःच्या पैशाने फारसे कर्ज देत नाही. ती जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून घेते, आणि जिल्हा बँक राज्य सहकारी बँक व नाबार्ड ह्यांच्याकडून. सभासदांनी भरणे थांबविले की सोसायटी जिल्हा बँकेची थकबाकीदार होते, व मग पुढील हंगामात नियमित भरणाऱ्यासही पुरेसे कर्ज मिळेनासे होते. माफीचे पैसे सरकारकडून येईपर्यंतचा काळ ह्या साखळीस फार जड जातो. थकबाकीदार सभासद सोसायटीच्या संचालकपदास अपात्र ठरतो. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला म्हणजे जप्ती व लिलावापर्यंत मजल जाऊ शकते. पुढारी भाषण करून दुसऱ्या गावास जातो. नोटीस मात्र खातेदाराच्या दारावर लागते.

बातमी ऐकल्यावर काय करावे

घोषणा, मंत्रिमंडळाचा निर्णय, शासन निर्णय, यादी आणि खात्यातील जमा ह्या पाच निरनिराळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर उभे राहून पाचवीचा आनंद मानू नये. २०२५ ह्या एका वर्षातच पाहा : २८ मार्च रोजी तत्कालीन अर्थमंत्र्यांनी पीककर्जाचे पैसे ३१ मार्चपर्यंत भरावेत असे जाहीर सभेत सांगितले, आणि ३० ऑक्टोबर रोजी मुख्यमंत्र्यांनी ३० जून २०२६ पूर्वी कर्जमाफीचा निर्णय घेऊ असे सांगितले. दोन्ही बोलणी जबाबदार माणसांची होती. परंतु दोहोंपैकी एकही शासन निर्णय नव्हता. खातेदाराने आपला हिशेब बांधावयाचा तो शासन निर्णयावर.

शासन निर्णयावर क्रमांक, तारीख व संगणक संकेतांक असतो, व तो राज्य सरकारच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येतो. तो हाती आला की सहा गोष्टी शोधाव्यात. कर्ज कोणत्या प्रकारचे, पीककर्ज की मध्यम मुदतीचेही? कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत घेतलेले? कोणत्या तारखेस थकलेले? रकमेची मर्यादा किती, व ती मुद्दलाची की व्याजासह? कोणास वगळले आहे? आणि अर्ज किंवा आधार प्रमाणीकरण करावयाचे असल्यास शेवटची मुदत कोणती? ह्या सहा प्रश्नांची उत्तरे आपल्या खात्याच्या उताऱ्याशी ताडून पाहिली, म्हणजे पारावरील चर्चेची गरज राहत नाही. खात्याचा उतारा दरसाल मागून घ्यावा. आपले येणे किती, हे आपल्याआधी सचिवास ठाऊक असावे, ही गोष्ट शेतकऱ्यास भूषणावह नाही.

यादीत नाव नसल्यास गप्प बसू नये. २००८ च्या योजनेची तपासणी भारताच्या महालेखापरीक्षकांनी केली व तिचा अहवाल २०१३ साली संसदेपुढे आला. लाभ न मिळालेली जी ९,३३४ खाती त्यांनी तपासली, त्यांपैकी १,२५७ खाती वास्तविक पात्र होती. म्हणजे चूक कागद करणाऱ्यांकडूनही होते. लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी, ती जपून ठेवावी.

माफी पदरात पडली तरी काम संपले असे नाही. त्याच तपासणीत सुमारे ३४ टक्के खात्यांत कर्जमाफीचे प्रमाणपत्र शेतकऱ्यास दिल्याचा पुरावाच आढळला नाही. प्रमाणपत्र व बेबाकीचा दाखला मागून घ्यावा. मग तो दाखला तलाठ्याकडे, ज्यास हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्याकडे, देऊन सातबाराच्या इतर हक्कातील सोसायटीचा बोजा कमी करण्याचा फेरफार नोंदवावा, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून पाहावा. कर्ज कधीच फिटले आणि बोजा मात्र मुलांच्या वाटणीपर्यंत तसाच राहिला, अशी प्रकरणे आमच्या टेबलावरून कितीतरी गेली.

ज्यास खरोखरच भरता येत नाही, त्याने तोंड लपवू नये. पीक बुडाल्यास मुदत संपण्यापूर्वी पुनर्गठनासाठी लेखी अर्ज करावा. पैसेवारीच्या वेळी गावच्या समितीपुढे आपल्या शिवाराची खरी स्थिती मांडावी. तडजोड निघाल्यास तिची मुदत चुकवू नये. विनापरवाना सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. ह्या वाटा अटींच्या व चिकाटीच्या आहेत; परंतु त्या आज उघड्या आहेत व त्यांस कोणाच्या घोषणेची वाट पाहावी लागत नाही.

माफी मागू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पाऊस, भाव व खर्च ह्यांचे गणित शेतकऱ्याच्या हाती नसता तोट्याचा बोजा मात्र त्याच्या एकट्याच्या सातबारावर चढतो, हे चुकीचे आहे, आणि संघाने व सभांनी त्याविरुद्ध मागणी करीत राहिले पाहिजे. परंतु मागणी सभेत करावी व हिशेब घरी करावा. ह्या दोहोंची गल्लत झाली म्हणजे मागणीही दुबळी होते व घरही.

आमच्या त्या शेजाऱ्याने पुढे विहिरीखालचे वीस गुंठे विकून खाते बेबाक केले. दाखला घेऊन तो आमच्याकडेच वाचून घ्यावयास आला. ह्या वेळी आम्ही घाई केली नाही. ओळ न ओळ वाचली, फेरफाराचा अर्ज लिहून दिला, व महिन्याने नवा उतारा काढावयास त्याच्याबरोबर गेलो. इतर हक्काचा रकाना कोरा होता. त्या रकान्याकडे पाहून तो म्हणाला, "कोरा झाला खरा, पण आता क्षेत्र वीस गुंठ्यांनी कमी."